पांढऱ्या पट्टीवरचा गांधार

वडील मिरजेतल्या एका भजनी मंडळात पेटीची साथ करीत. मला त्यांनी कधी शिकवले नाही. मीही कधी विचारले नाही. ते गेल्यावर पेटी माळ्यावर गेली, ती मी पंचेचाळिसाव्या वर्षी खाली काढली. भाता दुरुस्त करून घेतला आणि एका वृद्ध गुरुजींकडे भूप शिकायला जाऊ लागलो. दिवसभर इतरांच्या उत्तरपत्रिकांतले दोष दाखवणाऱ्याने संध्याकाळी दहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत बसून सरगम चुकवावी, यात काही न्याय असावा.

पहिल्याच दिवशी गुरुजी म्हणाले, "काळी तीनचा षड्ज धरा आणि पांढऱ्या पट्टीला बोट लावू नका." भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. उरलेले पाच स्वर काळी तीनपासून मोजले की नेमके पाच काळ्या पट्ट्यांवर येतात, पियानोवरही तसेच. चुकायला जागाच नाही! दोन आठवड्यांत आरोह-अवरोह हातात बसले आणि संगीत फारसे अवघड नाही, असे मी घरी जाहीर करून टाकले.

मग गुरुजींनी षड्ज काळी एकवर आणला. सा, रे, प, ध पुन्हा काळ्याच पट्ट्यांवर. एकटा गांधार, म्हणजे या रागाचा वादीच, पांढरी चारवर. बोट तेवढ्यासाठी खाली उतरवायचे आणि पुन्हा वर न्यायचे. महिनाभर मी तिथेच अडखळत होतो. ते जमले त्या दिवशी गुरुजींनी मिरजेचाच जुना तंबोरा जुळवला आणि म्हणाले, "सर, बोट बरोबर पडतंय. आता ऐका."

खर्जाच्या तारेतून एक गांधार आपोआप उमटत असतो. तो षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले; त्यामुळे तिचा गांधार सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा. माझा गांधार तंबोऱ्याच्या गांधारावर घासत होता. एकदा ऐकू आल्यावर ते ऐकू न येणे अशक्य झाले.

हे दुखणे या भागाला नवे नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. पुढे त्यांनी आणि क्लेमंट्ससाहेबांनी श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप केला. १९१६च्या बडोद्याच्या परिषदेत त्यावर वादही झडले. वाद विद्वानांचा, असे मी समजत होतो.

घरी आल्यावर इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून वडिलांच्या पेटीवर तोच गांधार धरला. तो घासला नाही. पुन्हा धरला, तरी नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे पेटी नेली. त्याने वरची फळी काढून पांढरी चारची पितळी रीड दाखवली. मुळाशी कानशीचे बारीक ओरखडे होते. "मुद्दाम उतरवलाय सूर," तो म्हणाला, "खालच्या सप्तकातलासुद्धा. काळी एकला गाणाऱ्यासाठी. दुसऱ्या पट्टीत ही पेटी बेसूर वाटणार. पूर्ववत करून देऊ का?"

वडील काळी एकमध्येच गात. तंबोरा आमच्या घरात कधी नव्हता. तो गांधार त्यांनी कोणाजवळ बसून ऐकला, कानस केव्हा हाती धरली, हे विचारायला आता कोणी उरलेले नाही.

राहू दे म्हणालो आणि पेटी उचलून घरी आणली.