माझी विद्यार्थिनी संगणक संशोधक होऊ शकते का?



आज पाठाऐवजी एका घरातल्या हिशोबाबद्दल लिहिते आहे. हा हिशोब तुमच्याही ओळखीच्या एखाद्या घरात चालू असेल, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. चौथीला ती माझ्या वर्गात होती. आता इंजिनिअरिंगला, संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटी कामगार. पुंडलिकनगरात अशी घरं पुष्कळ आहेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

चहा पिता पिता वडील म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला. नोकरी करायची सोडून ही म्हणते गेट देते, एमटेक करते, मग पीएचडी. म्हणजे अजून सात वर्षं! लहाना दहावीला आहे. पोरीचं डोकं चालतंय, पण माझा खिसा चालत नाही ना."

मी लगेच काही बोलले नाही. कारण २००७ साली मी बारावी सायन्स झाले, तेव्हा आमच्या घरीही हेच बोलणं झालं होतं. मला बीएस्सी करायचं होतं. घरचे म्हणाले, डी.एड. कर, दोन वर्षांत नोकरी पक्की. डी.एड. झालं, आणि पुढे सरकारी शिक्षक भरतीच कित्येक वर्षं थांबली. शेवटी एका खाजगी शाळेत महिना दोन हजारांवर लागले. शिकवणं मला आवडतं, त्याची खंत नाही. पण "लगेच नोकरी" हा शब्द ऐकला की मी जरा थांबते. म्हणून त्यांना म्हटलं, "दादा, मला आठ दिवस द्या. मी माहिती काढते."

आधी माझी एक चूक

ती चौथीत असताना शाळेत एक जुना संगणक होता. एकदा तिनं घरून पेन ड्राइव्हमध्ये मराठीत टाइप केलेली कविता आणली. उघडली तर पडद्यावर नुसते चौकोन! तिनं विचारलं, "मॅडम, याला मराठी का येत नाही?" मी म्हटलं, "अगं, मशीन आहे ते. त्याला काय कळतंय?" आणि पुढच्या गणिताकडे वळले.

आता माहिती काढताना कळलं, की नेमका हाच प्रश्न घेऊन माणसं आयुष्यभर काम करतात आणि त्याचा पगार घेतात! पुण्याच्या सी-डॅकनं 'जिस्ट' नावाचं तंत्र पुढे नेलं, त्यामुळे संगणकावर आपल्या लिप्या उमटू लागल्या. मुंबईच्या आयआयटीत मराठीचं 'वर्डनेट' तयार झालं, म्हणजे शब्दांच्या अर्थांची नाती संगणकाला समजतील असा शब्दकोश. इंजिनिअर आहे त्या पद्धतीनं काम करून देतो. संशोधक मात्र ती पद्धतच का अडते ते शोधतो आणि नवी बनवतो. हा फरक मलाच माहीत नव्हता, तर मुलांना कुठून सांगणार?

कोण, कुठे, किती पगार?

विजय भटकर यांचं नाव आपण मुलांना सांगतो. अकोला जिल्ह्यातलं मुरंबा हे त्यांचं गाव. अमेरिकेनं महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. पुण्यातच १९८१ पासून टाटांचं टीआरडीडीसी हे सॉफ्टवेअर संशोधनाचं केंद्र आहे. मायक्रोसॉफ्ट आणि गुगलच्या संशोधन शाळा बंगळुरूत आहेत. आपल्या शहरात विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग आहे, त्याच परिसरात नायलिटही आहे.

आता पैशांचं. पालकांनो, हे आकडे वहीत लिहून ठेवा.

गेटच्या गुणांवर एमटेकला प्रवेश मिळाला तर विद्यावेतन महिना १२,४०० रुपये. पीएचडीला जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि घरभाडे भत्ता, पुढे ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये ७०,००० पासून ८०,००० पर्यंत मिळतात, पण ती फार थोड्यांना मिळते. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही पीएचडीसाठी फेलोशिप आहेत. पुढे डीआरडीओ, इस्रोसारख्या ठिकाणी शास्त्रज्ञाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. तुलना म्हणून सांगते, आपल्या प्राथमिक शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढलं, तेव्हा कुठे ते ६,००० चे १६,००० झाले.

अमेरिकेत २०२३ मध्ये संगणक संशोधकांच्या जागा सुमारे ३६,६०० होत्या. एवढ्या मोठ्या देशात फक्त एवढ्याच. सॉफ्टवेअर बनवणारे मात्र लाखोंनी आहेत. मधला पगार वर्षाला १,४५,०८० डॉलर. मधला म्हणजे काय? मुलांना पगाराच्या क्रमानं रांगेत उभं केलं असं समजा, तर बरोबर मध्ये उभा राहील त्याचा पगार. याला रुपयांनी गुणून खूश होऊ नका, तिथलं घरभाडंही डॉलरमध्येच असतं.

दुसरी बाजूही सांगते. आपल्याकडे संशोधनातल्या कित्येक जागा प्रकल्पापुरत्या, कराराच्या असतात. फेलोशिप कधी कधी महिनोन्‌महिने रखडते. त्यात मुली कमी. २०१८ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या सगळ्या विषयांच्या संशोधकांत साधारण सहामागे एक स्त्री होती. अमेरिकेतही संगणकाच्या कामांत बायका साधारण चारामागे एकच.

टाकीचा हिशोब

आठ दिवसांनी दोघं परत आले. मी कागद पुढे ठेवला. वडिलांनी आकडे दोनदा वाचले. मग म्हणाले, "म्हणजे शिकताना पैसे मिळतात? मला वाटलं, सातही वर्षं मलाच भरायचे."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. आपल्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं. ज्याची टाकी मोठी त्याला चिंता नाही. ज्याच्या घरी दोन ड्रम, त्याला तिसऱ्या दिवशी धावपळ. संशोधनाचं तसंच आहे. हुशारी दोन्ही घरांत असते, पण पैसा उशिरा येतो, तोवर थांबायची ताकद सगळ्यांकडे नसते. संशोधकांत कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, याचं मोठं कारण मला इथे दिसलं. मुलीच्या बाबतीत तर टाकीला आणखी एक भोक असतं, लग्नाचं. ते वडील बोलले नाहीत, पण आईनं निरोप पाठवला होताच.

मी खोटी हमी दिली नाही. एवढंच म्हटलं, "दादा, दोन्ही दारं उघडी ठेवा. कॉलेजमध्ये कंपन्या येतील त्यांच्या मुलाखती तिनं द्याव्यात, आणि फेब्रुवारीत गेटही द्यावी. चांगला नंबर लागला, विद्यावेतन मिळालं, तर मात्र अडवू नका."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग पोरीकडे बघून म्हणाले, "एक वर्ष बघू. मी ओव्हरटाइम करतो. पण तू मधेच सोडायचं नाही." तिनं नुसती मान हलवली. जाताना मी तिला म्हटलं, "चौथीत तू मला एक प्रश्न विचारला होतास, संगणकाला मराठी का येत नाही. मी चुकीचं उत्तर दिलं होतं." ती हसली. म्हणाली, "मॅडम, मला आठवतंय. मला त्याच्यावरच काम करायचंय."

गेट अजून व्हायची आहे. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही.

आपण काय करू शकतो?

शिक्षक मित्रांनो, मी आता वर्गात एक वही ठेवली आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, तो मुलांनी त्यात लिहायचा, खाली स्वतःचं नाव आणि तारीख. "मशीनला काय कळतंय" हे वाक्य मी बंद केलं. आणि पालकांनो, मूल पुढे शिकायचं म्हणालं तर "परवडणार नाही" म्हणण्याआधी एकदा कागदावर हिशोब मांडा. शिकताना काय मिळतं तेही त्यात लिहा. मग ठरवा.