दाराशी कोणीतरी आलंय

गेल्या हिवाळ्यात पाच दिवस सुरतेला जाऊन आलो. माझा भाचा तिथे सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करतो. १९६१ साली सुरू झालेलं हे जुनं अभियांत्रिकी कॉलेज. "मामा, एकदा येऊन जा, मला तुझा आवाज हवाय," असा त्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पोराला घरची आठवण येतेय. वर्ष झालं त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, जाऊन. पण त्याला खरोखरच माझा आवाज हवा होता, रेकॉर्ड करायला!

आता थोडं माझ्याबद्दल. गोव्यात ज्याने एकदाही तोंडाला रंग लावला नाही असा माणूस सापडणं कठीण. मीही गावच्या जत्रेत, देवळापुढच्या मांडवात पंधरा-वीस वर्षं नाटकं केली. बारावीनंतर बडोद्याला जाऊन सयाजीराव विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकायचं असं मनाने घेतलं होतं. अर्जही मागवला होता. वडिलांनी तो वाचला, घडी घातली आणि "नाटक काय, आपण गावात करतोच की, त्याला कॉलेज कशाला?" एवढंच म्हणाले. मी कॉमर्स केलं आणि बँकेत लागलो. असो. सुरतेच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा मनात आलं, इथून बडोदं गाडीने फक्त दोनेक तास. चाळीस वर्षांत इतक्या जवळ आपण प्रथमच आलो.

भाच्याचा विषय असा: माणसाच्या आवाजावरून त्याची भावना संगणकाला ओळखता येईल का? त्यासाठी आधी हजारो आवाज लागतात आणि प्रत्येक आवाजावर 'हा राग', 'हे दुःख' अशी चिठ्ठी लागते. खरोखर रडणाऱ्या माणसापुढे मायक्रोफोन कोण धरणार? म्हणून जगभरचे हे संशोधक जातात कुणाकडे, तर नटांकडे! बर्लिनमध्ये दहा नटनट्यांना बसवून केलेला आवाजांचा संग्रह २००५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००८ मध्ये पुन्हा दहाच नट घेतले, काही प्रवेश लिहून दिले, काही उत्स्फूर्त करायला लावले. टोरांटोच्या २०१८ च्या संग्रहात चोवीस नट आहेत आणि सगळ्यांना बोलायला वाक्यं दोनच: दाराशी मुलं बोलताहेत, दाराशी कुत्रे बसलेत. तीच वाक्यं रागाने, भीतीने, आनंदाने म्हणायची. ज्या नाट्यशिक्षणाला आमच्या वडिलांनी 'कशाला' म्हटलं, त्याच्या पायावर ही कॉम्प्युटरवाली मंडळी इमारत बांधताहेत, हे ऐकून मला जरा बरंच वाटलं. खोटं कशाला बोला?

टोरांटोच्या यादीत भावना किती, तर आठ. मी लगेच भरतमुनींचे स्थायीभाव मोजले. तेही आठच! शोक, क्रोध, भय, जुगुप्सा, विस्मय जसेच्या तसे जुळतात. हास आनंदापाशी नेऊन बसवता येतो. पण रती आणि उत्साह त्यांच्याकडे नाहीत. त्यांच्या जागी 'तटस्थ' आणि 'शांत'. शांत हा आपल्याकडे मागाहून आलेला नववा रस. आणि नऊ रस म्हटलं की सुरतेचाच माणूस आठवतो, हरिहर जरीवाला, म्हणजे आपला संजीवकुमार. १९७४ च्या 'नया दिन नई रात'मध्ये त्याने नऊ रसांच्या नऊ भूमिका एकट्याने केल्या. त्याच्या नावाचं नाट्यगृह सुरतेत आहे, भाच्याने मला ते मुद्दाम दाखवलं.

संगणक आवाजात बघतो काय? स्वर किती चढला, किती जोरात, किती भराभर. शिवाय स्वराची बारीक थरथर मोजतात, तिला 'जिटर' म्हणतात. मी म्हटलं, अरे, हा तर स्वरभेद! स्तंभ, स्वेद, रोमांच या आठ सात्त्विक भावांतलाच एक. नाट्यशास्त्र म्हणतं, हे भाव मन एकाग्र झाल्याशिवाय येत नाहीत, नुसते हातपाय हलवून साधत नाहीत. भाच्याने ते वहीत टिपून घेतलं.

त्याचं वाक्य होतं, "दाराशी कोणीतरी आलंय." उधना-लिंबायतकडे राहणाऱ्या खानदेशी मराठी माणसांचे आवाज त्याने आधीच घेतले होते, आता गोव्याचा हवा होता. खोलीची खिडकी लावली, पंखा बंद केला. राग झाला, भीती झाली. मग शोक. मी आमच्या मांडवातला शोक दिला, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल असा. पडद्यावर उत्तर आलं: क्रोध.

भाचा हसला. म्हणाला, हे नेहमीचंच, आवाज चढला की यंत्र गोंधळतं. "मामा, आनीक एक फावट. हळू."

मी डोळे मिटले. बहीण गेली त्या रात्री आम्ही सगळे याचीच वाट बघत बसलो होतो. सुरतेहून येणारी गाडी उशिरा पोचली. पहाटे फाटकाची कडी वाजली, आणि हेच वाक्य मी घरातल्यांना म्हटलं होतं. अगदी हेच. वाक्य निवडताना भाच्याला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं, तो तेव्हा दाराबाहेर होता.

म्हटलं. कसं म्हटलं ते मला सांगता येणार नाही. मांडवात कुणाला ऐकूही गेलं नसतं.

पडद्यावर आलं: तटस्थ.

दोघेही काही वेळ बोललो नाही. मग मी विचारलं, "चुकलं ना? पुसून टाक."

"ना," तो म्हणाला. त्याच्या तक्त्यात प्रत्येक आवाजापुढे एक रकाना असतो. यंत्र काय म्हणालं ते तिथे लिहायचं नसतं, बोलणाऱ्याने कोणती भावना धरली होती ते लिहायचं असतं. माझ्याकडे न बघता त्याने तिथे 'शोक' असं टाइप केलं, पंखा लावला, आणि आम्ही पोंक खायला बाहेर पडलो.