मांडव्याची बोट

पांडेसऱ्यात राहणाऱ्या माणसाला समुद्र दूर नाही. डुमसचा काळ्या वाळूचा किनारा आपल्या वस्तीपासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर आहे. सुट्टीच्या संध्याकाळी आपण सारे तेथे जाऊन टमाटर भजी खाऊन आलेलो आहोत. तरीही खानदेशातून आलेल्या आपल्या घरांनी समुद्राशी नाते जोडले, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. आपले नाते तापीशी. माझे गाव शिंदखेडा तालुक्यातले, तापीकाठचे. वडिलांनी बिऱ्हाड सुरतेला हलवले तेव्हा आजी म्हणाली होती, "जा, नदी सोबत आहेच." मुलताईला उगम पावणारी ही नदी सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्राला मिळते. गावचे पाणी शेवटी आपल्याच दारावरून जाते, हा विचार परगावात पुष्कळ आधार देणारा असतो. त्याच नदीने पुढे आमच्या घरात एक अबोला निर्माण केला. त्या अबोल्याची आणि एका सहलीची ही हकीकत आहे.

एका प्रोसेस हाउसच्या फोल्डिंग खात्यात मी एकतीस वर्षे काढली. बारा तासांची पाळी, हातात मोजपट्टी आणि डोळ्यांसमोर साड्यांचे न संपणारे ताके. निवृत्त झालो, पण अंगातली पाळी निवृत्त झाली नाही. रिकाम्या दिवसाचे काय करायचे, हे मला कोणी शिकवलेच नव्हते. ठाण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीला हे ठाऊक होते. म्हणून २०२५च्या फेब्रुवारीत तिने आम्हा दोघांना बोलावून घेतले आणि जाहीर केले, "उद्या गेटवेवरून कॅटमरानने मांडव्याला जायचे, तेथून अलिबाग, आणि संध्याकाळी परत. दिवसभर काहीही करायचे नाही."

मी सौ.कडे पाहिले. तिने ताटातली भाजी उगाच सारखी केली.

याचे कारण सांगण्यासाठी २००६च्या ऑगस्टमध्ये जावे लागेल. त्या वर्षी राखीपौर्णिमा ९ तारखेला होती. सौ. सात वर्षांच्या मुलीला घेऊन रांदेरला भावाकडे गेली होती. ७ तारखेला उकाई धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. संध्याकाळी तिचा फोन आला, "परत येऊ का?" मी पाळीवर होतो. यंत्रांच्या आवाजात मोठ्याने म्हणालो, "दोन दिवसांवर सण आला, राहा. पाणी येते आणि जाते." पुढे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. धरणातून होणारा विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेला आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली आला. पूल बंद, फोन बंद. तिने आणि मुलीने शेजाऱ्यांच्या गच्चीवर तीन रात्री काढल्या. चौथ्या दिवशी एका रबरी होडीने त्यांना बाहेर काढले. होडीत चढताना ती कलली आणि मुलगी पाण्यात जाता जाता राहिली, एवढेच मला मेहुण्यांकडून समजले. सौ. त्याविषयी कधी बोलली नाही. मीही विचारले नाही. "राहा" हा माझा शब्द घशात काट्यासारखा अडकून होता. तेव्हापासून रांदेरला जाताना तापीच्या पुलावर रिक्षा चढली की ती डोळे मिटते, आणि मी नदीकडे न पाहता तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहतो. नोव्हेंबर २०२०मध्ये हजिरा–घोघा फेरी सुरू झाली. सौराष्ट्राचा लांबचा वळसा वाचला म्हणून शेजारीपाजारी हौसेने जाऊन आले. आमच्या घरात मात्र तो विषय निघाला नाही.

गेटवेच्या धक्क्यावर ती पहिल्यांदा बोलली. "डिसेंबरातली बोट येथूनच सुटली होती ना?" १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला होता. दोन महिनेही झाले नव्हते. मी म्हणालो, "हो, येथूनच." खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. मुलीने आईच्या अंगात नारिंगी जाकीट घातले, पट्टे आवळले, आणि लहान मुलाला शाळेत सोडावे तसे तिला हाताला धरून आत नेले.

कॅटमरान ही जुळ्या तळांची नाव. हा शब्द तमिळ आहे. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड, झाड. ओंडके एकत्र बांधून कोरोमंडलचे कोळी समुद्रात जात, त्यांच्या तराफ्याचे हे नाव इंग्रजांनी उचलले आणि पुढे ते जगभर दोन तळांच्या नावेला चिकटले. दोन अरुंद तळ एकमेकांपासून अंतर राखून उभे असतात आणि वरचा मजला त्यांना जोडतो. पाण्यावरची बैठक रुंद झाल्यामुळे अशी नाव एका तळाच्या नावेपेक्षा कमी डुलते. हे सारे मी सौ.ला समजावून सांगितले. ती म्हणाली, "बरं." तिने खिडकीपासून दूरची, मधली जागा निवडली.

नाव सुटली. ताजमहाल हॉटेलचा घुमट आणि गेटवेची कमान पाहता पाहता लहान झाली. नौदलाच्या करड्या युद्धनौका, नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजे, दूर कुलाब्याच्या टोकाला खडकावरचा प्राँग्ज दीपस्तंभ मागे पडत गेला. तासाभराच्या त्या प्रवासात मी पाच वेळा घड्याळ पाहिले. रेवसच्या दिशेने नजर गेली तेव्हा 'रामदास' बोट आठवली. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणातल्या कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. मी ती सौ.ला सांगितली नाही. न सांगण्यात मी आता तरबेज झालो होतो.

मांडव्याहून बसने अलिबागला पोहोचलो तो अकरा वाजून गेले होते. कुलाबा किल्ला समोर समुद्रात उभा होता आणि त्याच्याभोवती चहूकडे पाणी होते. ओहोटीला या किल्ल्यात चालत जाता येते, हे आम्ही ऐकून होतो. ओहोटी केव्हा, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. घोडागाडीवाल्याने सांगितले, "अजून अडीच तास तरी थांबा." मी चिडलो. मुलीने वेळ आधी का काढून ठेवली नाही, दिवस फुकट गेला, असे काहीबाही बोललो. भरती-ओहोटी दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चंद्राच्या त्या पाळीपुढे गिरणीची पाळी चालत नाही. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, काहीही करायचे नाही असे ठरले होते ना? मग तेच करा." आणि ती किनाऱ्याने फिरायला निघून गेली.

आम्ही दोघे एका झाडाच्या सावलीत वाळूवर बसलो. सौ.ने घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पुढे खडकांवर लाटा येत होत्या. तो खडक पाहून मला नवल वाटले. काळा, भेगाळलेला, जागोजागी भोके पडलेला. आमच्या गावच्या विहिरीत सुरुंग लावून फोडलेला दगड अगदी असाच होता. नंतर लक्षात आले की नवल वाटण्याचे कारण नव्हते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे थर खानदेशापासून या किनाऱ्यापर्यंत पसरलेले आहेत. लळिंगचा डोंगर, साल्हेरचा कडा आणि हा कुलाब्याचा खडक ही एकाच दगडाची भावंडे. परक्या मुलखात गावचा माणूस भेटावा तसे झाले. कदाचित त्यामुळेच धीर आला.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला राहायला सांगायला नको होते."

कोणता दिवस, हे तिने विचारले नाही. बराच वेळ ती दशमीचा तुकडा हातात धरून बसली. मग अहिराणीत म्हणाली, "मालेच ऱ्हावानं व्हतं."

मला नीट समजले नाही. तेव्हा तिने सावकाश सांगितले. "तुमच्या सांगण्यावरून मी राहिले नव्हते. फोन केला तेव्हा माझे मन ठरले होते. लग्नानंतर वर्षातून माहेरचे दोनच दिवस मिळत. ते पाण्याच्या भीतीने सोडायचे नाहीत, असे मी ठरवले होते. वहिनी म्हणत होती, जा. मी गेले नाही. आणि मग होडीत पोरीचा हात सुटला." ती थांबली. "तुम्ही 'ये' म्हणाला असता तरी मी काहीतरी सबब सांगितली असती. हे तुम्हाला कसे सांगायचे?"

अठरा वर्षे मी एका अपराधाचे ओझे वाहत होतो आणि तो अपराध माझा नव्हताच. खरे सांगायचे तर त्या क्षणी सुटकेपेक्षा शरम अधिक वाटली. माझ्या एका शब्दावर तिचे राहणे-जाणे ठरले, असे मी इतकी वर्षे गृहीत धरले होते. तिलाही स्वतःची इच्छा असेल, आणि त्या इच्छेचे तिचे स्वतःचे ओझे असेल, हे माझ्या मनात आले नव्हते. ती पुलावर डोळे मिटत होती ते पाण्याला घाबरून, की पोरीचा सुटलेला हात पुन्हा दिसू नये म्हणून, हे मी तिला अजून विचारलेले नाही.

दोनच्या सुमारास पाणी ओसरले. ओल्या वाळूतून, घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही तिघे किल्ल्याकडे चालत गेलो. सौ. मधोमध होती. कुलाबा किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये, अखेरच्या दिवसांत सुरू करवले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते प्रमुख ठाणे झाले. आत १७५९च्या सुमारास राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणेशमंदिर आहे आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याची पुष्करिणी आहे. तटावर १८४९ साल कोरलेल्या दोन इंग्रजी तोफा अजून आपल्या गाड्यांवर उभ्या आहेत. आंग्र्यांची सत्ता संपल्यानंतरच्या त्या तोफा. त्यांना आता समुद्राखेरीज कोणी शत्रू उरलेला नाही.

मला सर्वांत जास्त भावला तो तट. मोठमोठे काळे दगड एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही. वाटाड्याने कारण सांगितले. लाट आदळते तेव्हा पाणी दगडांच्या फटींतून आत शिरते आणि तिचा जोर विभागला जातो. फटी बुजवल्या असत्या तर सगळा मार एका अंगावर आला असता. आयुष्यभर कापडातली छिद्रे शोधून माल बाजूला काढणाऱ्या माणसाला ही उलटी विद्या होती. सौ.ने त्या फटीत हात घालून पाहिला. "ओले आहे," ती म्हणाली.

तटावरून उत्तरेला खांदेरी-उंदेरीच्या अंधूक रेषा दिसत होत्या. १६७९मध्ये महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रजांनी आपल्या नावा घालून ती रोखण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. पुढे जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरीचे आणि आपल्या बागलाणातील साल्हेरचे नाव एकाच यादीत वाचून मला त्या दिवशीचा काळा खडक आठवला. सुरतेच्या मराठी माणसाला या इतिहासात थोडे अवघडल्यासारखे होते खरे. शेजारच्या ओट्यावर १६६४चा विषय निघाला की आपण हळूच उंधियूकडे वळतो. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, हेही खरे. आपले शहर आणि हा किनारा यांचा हिशेब जुना आहे.

परतीच्या बोटीत मुलगी म्हणाली, "आई, वर उघड्यावर बसू. सीगल येतात." सौ. नको म्हणाली. ती खालीच बसली, परंतु या खेपेस खिडकीशी. अर्ध्या वाटेवर तिने जाकिटाचा वरचा पट्टा थोडा सैल केला. पांढरे पक्षी नावेच्या दोन्ही बाजूंनी येत होते. मी घड्याळ पाहिले नाही, असे म्हणणार नाही; एकदा पाहिले.

गेल्या राखीपौर्णिमेला आम्ही रांदेरला गेलो. रिक्षा पुलावर चढली. पावसाळ्यातले तापीचे गढूळ पाणी रुंद पात्रातून समुद्राकडे चालले होते. गावावरून आलेले, आजीने सोबत दिलेले पाणी. पुलावर सौ.ने डोळे मिटले होते की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी नदीकडे पाहत होतो.