गज मूळचा नाही

देवगडजवळ काकांच्या घरी ठासणीची बंदूक होती. शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेली. निवडणूक लागली की काका ती गोणपाटात गुंडाळून एसटीने पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायचे आणि निकाल लागल्यावर परत आणायचे. नळी, दस्ता, चाप, माशी हे शब्द मी त्या बंदुकीवर बोट ठेवून शिकलो. नळीखाली खोचलेल्या लोखंडी गजाला मात्र काका आम्हा मुलांना हात लावू देत नसत. दारू आणि छर्रे आत ठासायला तोच लागायचा. "गज हरवला तर ही नुसती काठी," ते म्हणायचे.

पुढे नोकरीमुळे मी अमेरिकेत ओहायोला आलो. 2008 सालच्या हिवाळ्यात एक सहकारी मला जुन्या शस्त्रांच्या बाजाराला घेऊन गेला. एका टेबलावर लांबलचक, काळपट रायफल होती. नळीच्या मागच्या भागावर जर्मन वळणाची जुनी अक्षरं कोरलेली होती. ती मॉडेल 71/84 होती: माउझर बंधूंच्या 1871 सालच्या एकबारी रायफलला नळीखाली आठ काडतुसांचं नळकांडं जोडून केलेली. माझ्या हाताला पहिल्यांदा जाणवला तो दस्त्याचा अक्रोड. थंड हॉलमध्येही तो कोमट लागत होता. मी ती घेतली. अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यानुसार 1898 पर्यंत बनलेलं शस्त्र 'पुराणवस्तू' ठरतं, त्यामुळे फारशी कागदपत्रं लागली नाहीत.

घरी आणल्यावर मी जे केलं ते आजही मनाला लागून आहे. दस्ता मळका दिसत होता म्हणून तीन शनिवार गॅरेजमध्ये बसून तो पॉलिश पेपरने घासला आणि वर चकचकीत वॉर्निश मारलं. मग मोठ्या उत्साहाने आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांना दाखवायला नेला. त्यांच्याकडे पन्नास वर्षांचा संग्रह होता. त्यांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन स्वतःची 71/84 घेऊन आले आणि खिडकीशी तिरपी धरली. तिच्या लाकडात छोटे छोटे मुकुट उमटलेले होते, प्रत्येकाखाली एकेक अक्षर. कारखान्यात प्रत्येक टप्प्यावर तपासनीस भाग हातात घेऊन पाहायचा आणि पसंत पडला तर आपला ठसा मारायचा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांची पसंती माझ्याही रायफलवर होती. ती मी भुसा करून गॅरेजच्या जमिनीवर सांडली होती.

त्या गृहस्थांनी मला शिष्य केलं म्हणायला हरकत नाही. त्यांनी पहिल्यांदा वाचायला शिकवलं. जर्मन लष्करी रायफल वाचावी लागते. कारखान्याचं नाव, साल, मुकुट, नंबर. शिवाय त्या नंबराचे शेवटचे दोन आकडे बारीकसारीक भागांवर, अगदी स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा. प्रत्येक तुकडा हाताने घासून त्या एका रायफलला बसवलेला असे, म्हणून साफसफाईनंतर तो दुसरीत जाता कामा नये. दस्त्याच्या टोकाला जी लोखंडी पट्टी असते तिच्यावर पलटणीची खूण.

2011 मध्ये मला हवी होती ती मिळाली: 'इन्फन्टेरी-गेवेअर मॉडेल 71', श्पांडाऊच्या कारखान्यातली, 1876 ची. तिच्या मागच्या पट्टीवर कोरलंय: 94. R. 9. 101. म्हणजे 94 वी पायदळ रेजिमेंट, 9 वी कंपनी, शस्त्र क्रमांक 101. 94 वी म्हणजे थुरिंगियातली, वायमारची रेजिमेंट. तिथल्या कुठल्या तरी शेतकऱ्याच्या किंवा सुताराच्या पोराला हा 101 नंबर पाठ असणार.

ही रायफल साधी आहे आणि त्या साधेपणातच तिची मोठी गोष्ट आहे. त्याआधी प्रशियाच्या सैन्याकडे ड्रायझेची सुईची बंदूक होती. तिचं काडतूस कागदाचं, सुई त्यातून आरपार जाऊन आतल्या टोपीवर आपटायची आणि मागून गरम वायू शिपायाच्या तोंडावर यायचा. विल्हेल्म आणि पाउल या माउझर बंधूंनी धातूच्या काडतुसासाठी बोल्ट बनवला. दांडा वर केला, मागे ओढला, काडतूस ठेवलं, पुढे ढकलून खाली पाडला की झाली तयार. बोल्टच्या शेपटीला पंखासारखा खटका आहे, तो उलटा केला की चाप बंद. हाच पंख पुढच्या कितीतरी माउझर रायफलींवर दिसतो. पण 71 ला रिकामं टरफल बाहेर उडवायची सोय नाही. बोल्ट टरफल मागे ओढून आणतो आणि तिथेच सोडतो. शिपायाने रायफल उजवीकडे कलंडवायची, मग ते घरंगळून खाली पडतं. मी ती हालचाल करतो तेव्हा 101 नंबरवाल्याचं मनगट माझ्या मनगटात आल्यासारखं वाटतं.

माझ्या 71 ला गज नव्हता. बहुतेकींना नसतो. काकांचं वाक्य आठवून मी बेचैन व्हायचो, जरी इथे गज फक्त साफसफाईचा होता. रायफल मिळणं त्या मानाने सोपं. तिचा लवाजमा जमवताना वर्षं जातात. चामडं कुजतं, पितळ भंगारात जातं, लहान वस्तू कोणी जपत नाही. पितळी मुठीची लांब संगीन मला दोन वर्षांत मिळाली. चामड्याचा पट्टा, नळीच्या तोंडावर बसणारं पितळी झाकण, कमरेची काडतूसपेटी एकेक करून आली. संगिनीच्या म्यानाला बांधायचा रंगीत गोंडा अजून नाही. त्याच्या रंगांवरून शिपाई कुठल्या कंपनीचा ते कळायचं, आणि कापडाचा असल्यामुळे कसरीने तो पहिल्यांदा खाल्ला.

गज अखेर सहाव्या वर्षी सापडला. मूळचा, त्याच मॉडेलचा, आटे शाबूत. त्यावर आकडे होते 37. माझ्या रायफलचे शेवटचे आकडे 58. विक्रेत्याने माझा चेहरा पाहिला असावा. तो आपुलकीने म्हणाला, जुन्या वळणाचे पंच आहेत माझ्याकडे, 37 घासून 58 मारून देतो, दहा मिनिटांचं काम, कोणाला कळणार नाही. सगळे नंबर जुळले की किंमत किती चढते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी नको म्हटलं. तो 37 नंबरही कुठल्यातरी दुसऱ्या रायफलचा होता, ती आज जगात असो वा नसो. एकदा मी माणसांच्या खुणा अजाणतेपणी पुसल्या होत्या. जाणूनबुजून खोटी खूण मारणं मला शक्य नव्हतं. या छंदात असलं काम करणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते ते चोराहून वाईट. चोरीला गेलेली वस्तू निदान खरी तरी राहते.

2017 मध्ये मी जर्मनीत नेकार नदीच्या काठी ओबर्नडॉर्फला गेलो. 1811 पासून तिथल्या ऑगस्टिनियन मठात व्युर्टेमबर्गच्या राजाचा बंदुकीचा कारखाना होता. 1874 मध्ये तोच माउझर बंधूंनी घेतला. स्वीडनच्या रायफलींसाठी बांधलेल्या इमारतीत, श्वेडनबाऊमध्ये, आता शस्त्रांचं संग्रहालय आहे. विल्हेल्म 1882 मध्येच गेला. पाउलचा एक डोळा 1901 मध्ये चाचणीत गेला, तरी तो काम करत राहिला आणि 1914 च्या मे महिन्यात वारला. त्याच्या रायफलींनी जे महायुद्ध लढलं गेलं, ते सुरू व्हायला तेव्हा दोनच महिने उरले होते.

त्या युद्धातली एक लढाई वाचल्यापासून माझी 71 मला वेगळी दिसते. 1914 च्या ऑक्टोबरात मुंबईहून हिंदी फौज जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदराकडे निघाली. तिच्यात मुंबई इलाख्याची जुनी पलटण, 101 वी ग्रेनेडियर्स, होती. समोरच्या बहुतेक अस्करी, म्हणजे जर्मनांच्या बाजूच्या आफ्रिकी, शिपायांच्या हातात जर्मनीने केव्हाच निवृत्त केलेली मॉडेल 71 होती. तरीही आपली फौज तिथे हरली आणि 101 व्या पलटणीची फार माणसं पडली. जर्मनांना तिथे सापडलेल्या नव्या बंदुका त्यांनी पुढे वापरल्या, कारण 71 च्या काळ्या दारूचा धूर शिपायाची जागा उघडी करायचा.

तो धूर मी स्वतः पाहिला आहे. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून रायफल तपासून घेतली, काडतुसं हाताने भरली: मागे सुमारे 5 ग्रॅम काळी दारू, पुढे सुमारे 25 ग्रॅमची शिशाची गोळी. डिसेंबरातल्या दमट सकाळी चाप ओढला. खांद्याला दणका नाही, जोराचा रेटा बसला आणि समोर पांढरा ढग उभा राहिला. निशाण दिसेना. आणि वास आला तो नरकचतुर्दशीच्या पहाटेचा, अंगणात फटाके वाजवून झाल्यावरचा. त्या वासात मला एकदम टांगाच्या नारळीच्या बागा आठवल्या, मुंबईहून गेलेली पोरं आठवली आणि मी दुसरं काडतूस भरलं नाही. त्यानंतर आजवर कधीच भरलेलं नाही.

आता खंडेनवमीला मी सगळ्या रायफली खाली काढतो. धार, पॉलिश काही नाही. सुती फडका, थोडं तेल, हळदकुंकवाचं एक बोट शेजारच्या पाटावर, लाकडाला लागू न देता. मुलगी वही घेऊन बसते. प्रत्येक रायफलचं एक पान आहे, प्रत्येक भागापुढे नंबर आणि तो मूळचा की नंतरचा. गेल्या वर्षी पानं नव्याने लिहिताना तिने 71 च्या पानावर लिहिलं, "गज मूळचा नाही, नंबर 37." मग 71/84 चं पान काढून विचारलं, "बाबा, दस्त्यावरचे शिक्के या रकान्यात काय लिहू?"

"लिही," मी म्हटलं, "होते. 2008 मध्ये मालकाने घासून घालवले." तिने माझं नाव आणि तारीखही घातली.