साचेबंद

दरवर्षी उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासताना एक शब्द मला हटकून भेटतो : साचेबंद. अमुक कालखंडातील कविता साचेबंद झाली, तमुक कादंबरीतील स्त्रीपात्रे साचेबंद आहेत, ग्रामीण कथा पुढे साचेबंद होत गेली. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी तो शब्द आमच्याकडून उचललेला असतो, आणि आम्ही आमच्या शिक्षकांकडून. मराठी समीक्षेतील हा एक फार सोयीचा शब्द आहे. तो एकदा लिहिला की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. साचा म्हणजे निर्जीव, साचा म्हणजे तेच ते, साचा म्हणजे कल्पकतेचा अंत, हे जणू सर्वांना मान्यच आहे.

या शब्दापाशी माझा पेन थबकतो. मराठीचा विद्यार्थी होण्यापूर्वी चार वर्षे मी साचे करण्याच्या धंद्यात होतो. गंमत अशी की त्या चार वर्षांत 'साचा' हा शब्द मी तिथे एकदाही ऐकला नाही. टूलरूममध्ये सगळे 'मोल्ड' म्हणत, किंवा नुसतेच 'डाय'. साचा हा शब्द मला लहानपणी धरणगावात माहीत होता तो पाडव्याच्या आधी साखरेचे हार-कडे ओतण्याच्या लाकडी साच्यांमुळे. त्यानंतर तो भेटला तो थेट एम.ए.च्या वर्गात, शिवीसारखा वापरलेला. मधल्या काळात मी जे केले होते त्याला मराठीत साचा म्हणतात, हे ध्यानात यायला मला थोडा वेळच लागला.

पदविका हातात पडली तेव्हा नव्वदचे दशक अर्धे सरले होते. जळगाव आणि प्लॅस्टिक हे समीकरण तोवर पक्के झाले होते. भवरलाल जैन यांनी १९८० च्या सुमारास पीव्हीसी पाइप आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन आणले. त्याच्या आगेमागे औद्योगिक वसाहतीत पाइपांचे, फिटिंगचे, चटयांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. पाइप सलग निघतो. त्याला डायचे तोंड पुरते. पण पाइपाला जोडणारा एल्बो, टी, फिल्टरचे झाकण, तासाला चार लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडणारा ड्रिपर, या सुट्या वस्तू. त्या इंजेक्शनने, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक पोलादी पोकळीत दाबाने भरून, कराव्या लागतात. अशा पोकळ्या घडवणाऱ्या एका लहान टूलरूममध्ये मी ड्रॉइंग आणि आकडेमोड करायला लागलो. सकाळी धरणगावहून पॅसेंजरने जायचे, रात्री परतायचे. मी जळगावला उतरत असे. गाडी पुढे भादलीवरून भुसावळला जाई.

मोल्डची आकडेमोड म्हणजे वस्तूचे माप घ्यायचे आणि त्याच मापाची पोकळी कोरायची, असे बाहेरच्याला वाटते. मलाही पदविकेच्या अभ्यासानंतर थोडेफार तसेच वाटत होते. प्रत्यक्षात त्यातली बहुतेक गणिते आकाराची नसतातच. बळ, वेळ, वारा आणि सुटका यांची ती गणिते असतात.

पहिले गणित बळाचे. मोल्डचे दोन अर्ध एकमेकांवर दाबून धरावे लागतात, कारण आत शिरणारे प्लॅस्टिक त्यांना उघडू पाहते. वीस सेंटिमीटर व्यासाची ताटली घ्या. तिचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. पोकळीतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलो धरला, तर उघडू पाहणारे बळ ९४,२०० किलो, म्हणजे ९४ टन. घरातल्या एका ताटलीसाठी ९४ टन! तेव्हा निदान १२० टनांचे मशीन हवे. ते कमी पडले की दोन अर्धांच्या फटीतून प्लॅस्टिक पापुद्र्यासारखे बाहेर येते. त्याला फ्लॅश म्हणतात.

दुसरे गणित वेळेचे. वस्तू थंड व्हायला लागणारा वेळ तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन मिलिमीटर जाडीला सात सेकंद लागत असतील, तर तीन मिलिमीटरला जवळपास सोळा. जाडी दीडपट आणि वेळ सव्वादोनपट. मजबुतीसाठी 'थोडी जाडी वाढवू' म्हणणारा गिऱ्हाईक हे ऐकून गप्प होतो.

तिसरे वाऱ्याचे. रिकामी पोकळी रिकामी नसते, तिच्यात हवा असते. प्लॅस्टिक आत शिरताना ती हवा कुठे जाणार? वाट मिळाली नाही तर ती कोपऱ्यात दाबली जाऊन इतकी तापते की प्लॅस्टिकच जळते आणि वस्तूवर काळा डाग पडतो. म्हणून मोल्डच्या कडेला वाट ठेवायची. तिची खोली मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी : हवा जाईल, प्लॅस्टिक जाणार नाही.

चौथे सुटकेचे. थंड झालेली वस्तू आतल्या गाभ्याला, म्हणजे कोअरला, आवळून बसते. भिंती अगदी सरळ ठेवल्या तर ती निघत नाही, निघालीच तर ओरखडे घेऊन निघते. म्हणून भिंतीला एखाद्या अंशाचा उतार द्यायचा. पन्नास मिलिमीटर खोलीला एक अंश म्हणजे प्रत्येक बाजूला पाऊण मिलिमीटरहून थोडे अधिक. डोळ्याला तो दिसत नाही, पण त्याच्याशिवाय काही सुटत नाही.

आणि पाचवे, सगळ्यांत अवघड, आकसण्याचे. वितळलेले प्लॅस्टिक थंड होताना आकसते; आणि किती आकसेल हे साच्यापेक्षा मालावर ठरते. एबीएस साधारण अर्धा टक्का. पॉलिप्रॉपिलीन, ज्याला सगळे पीपी म्हणतात, ते एक ते अडीच टक्के, आम्ही १.८ धरत असू. शंभर मिलिमीटरची पीपीची वस्तू हवी असेल तर पोकळी १०१.८ मिलिमीटरची करावी लागते. एवढ्यानेही भागत नाही. प्लॅस्टिक ज्या दिशेने वाहत गेले त्या दिशेचे आकसणे आणि आडव्या दिशेचे आकसणे वेगळे. जाड भागाचे आणि पातळ भागाचे वेगळे. दाब जास्त वेळ धरून ठेवला तर आणखी वेगळे. म्हणजे वस्तू जशी हवी तसा साचा करताच येत नाही. ती बाहेर पडल्यावर, आपल्या हाताबाहेर गेल्यावर, जशी बदलणार आहे ते आधी ओळखून साचा मुद्दाम 'चुकीच्या' मापाचा करावा लागतो.

आमच्या टूलरूममध्ये एक मिस्तरी होते. शिक्षण सातवीपर्यंत, वय पंचावन्नच्या पुढे. त्यांनी मला पुस्तकात नसलेला एक नियम शिकवला : लोखंड काढता येते, घालता येत नाही. म्हणून शंका असेल तिथे कोअर किंचित जाड ठेवायचा आणि पोकळी किंचित लहान. चूक निघाली तर घासून दुरुस्त करता येते. उलट झाले तर सगळे भंगारात.

एकदा फिल्टरच्या झाकणाचे काम आले. आतला व्यास ११० मिलिमीटर हवा. नमुना एबीएसचा होता, त्यामुळे मी अर्धा टक्का धरून कोअरचा व्यास ११०.५५ काढला आणि घाई असल्याने ड्रॉइंग पूर्ण होण्याआधीच तो आकडा चिठ्ठीवर लिहून मिस्तरींना दिला. चार दिवसांनी गिऱ्हाइकाने खर्चासाठी माल बदलून पीपी केला. निरोप माझ्याकडे आला. मी ऐकला आणि दुसऱ्या कामात बुडालो. कोअर कातायला घेताना मिस्तरी चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "भाऊ, माल कोन्ता शे?"

त्यांना काहीतरी खटकले असणार. मी वर न पाहताच म्हणालो, "चिठ्ठीत लिहिलंय तेवढं करा ना, काका."

पीपीसाठी कोअर ११२.०२ हवा होता. तो दीड मिलिमीटर बारीक झाला, कडक करून, पॉलिश होऊन मोल्डमध्ये बसला. पहिले झाकण निघाले ते फिल्टरवर बसेना. आतून मोजले तर १०८.५६. लोखंड घालता येत नाही. महिन्याचे काम आणि पोलाद दोन्ही गेले.

मालकांनी दोघांनाही बोलावले आणि मला विचारले, "श्रिंकेज किती दिले होते?" त्या दिवशी सकाळीच मी घाबरून नव्याने गणित केले होते. मी म्हणालो, "पीपीचे, १.८ टक्के." आकडा बरोबर होता. चिठ्ठी सापडली नाही; तेलकट हातांत चिठ्ठ्या टिकत नसत. मिस्तरींनी माझ्याकडे पाहिले. ते काहीच बोलले नाहीत. मला वाटते, मी बोलेन म्हणून ते थांबले होते. महिनाअखेरीस त्यांचा हिशेब झाला. त्यानंतर वर्षभरात मीही ते काम सोडले आणि मराठीकडे वळलो. कवितेची ओढ होती हे खरे. पण तेवढेच खरे होते असे आज म्हणवत नाही.

इतक्या वर्षांनी 'साचेबंद' हा शब्द वाचला की हे सारे आठवते, आणि त्या शब्दाचा अर्थ आपण उलटा लावतो आहोत असे वाटते. साचा असणे हा दोष कसा? मराठीत ओवीइतका वापरलेला साचा दुसरा कोणता? ज्ञानेश्वरांनी तो ग्रंथाला वापरला, आणि जात्यावर बसलेल्या असंख्य बायकांनी पहाटेच्या अंधारात. आमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी तो त्यांच्याकडूनच घेतला. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची गाणी तिचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळे टिकली आणि १९५२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. साचा शेकडो वर्षांचा. पण त्या गाण्यांना साचेबंद म्हणण्याचे धाडस कोणी केलेले नाही. कारण त्यात ओतलेला माल तिचा होता, आणि तो किती आकसतो, कुठे आवळतो, कुठे वाट मागतो हे तिला ठाऊक होते. ओवीच्या ओळी ती तेवढ्याच हाताने सैल करते किंवा आवरते.

आता धरणगावच्या कवीकडे पाहू. १३ ऑगस्ट १८९० रोजी आमच्या गावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी 'बालकवी' म्हटले. जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ते नाव शोभले असेल. पण ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला तेव्हाही ते बालकवीच होते, आणि आज शंभराहून अधिक वर्षांनी वर्गात शिकवतानाही तेच आहेत. त्या नावाच्या जोडीला आम्ही 'निसर्गकवी' हे दुसरे माप दिले, इंग्रजी रोमँटिक कवितेवरून काढलेले. त्या मापात 'फुलराणी' आणि 'श्रावणमास' नीट बसतात. 'औदुंबर' मात्र आठच ओळींची असूनही बसत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जाते. इथे साचेबंद काय आहे? कविता नव्हे. दुसऱ्या मालासाठी काढलेला आकडा, माल न विचारता वापरणारी आमची समीक्षा साचेबंद आहे. मी एबीएसचा आकडा पीपीला लावला, तसेच हे.

माझ्यापुरती व्याख्या आता एवढीच उरली आहे. जे लेखन साच्यातून आले ते साचेबंद नव्हे. ज्याच्या कर्त्याने दुसऱ्याच्या मालाचे गणित तसेच उचलले ते साचेबंद. पहिल्या कवीने केलेली आकडेमोड त्याच्या अनुभवाच्या आकसण्याची होती. त्याचे अनुकरण करणाऱ्याने आकडा घेतला आणि आकसणे आपले स्वतःचे ठेवले. मग झाकण बसत नाही. अशा कवितेकडे पाहून 'साचा वाईट' म्हणणे म्हणजे चूक एकाची आणि हिशेब दुसऱ्याचा करणे आहे. ते कसे होते, हे मी जवळून पाहिले आहे.

म्हणून हल्ली उत्तरपत्रिकेत किंवा प्रबंधाच्या मसुद्यात तो शब्द आला की मी खोडत नाही. समासात लहान अक्षरांत लिहितो : माल कोणता? विद्यार्थी बुचकळ्यात पडतात आणि विचारायला येतात. मग मी त्यांना ताटलीचे ९४ टन सांगतो, हवेची वाट सांगतो, आकसणे सांगतो. त्यांना ते आवडते, आणि एखादा पुन्हा कवितेकडे जाऊन मोजू लागतो. तो प्रश्न मुळात कोणाचा, आणि त्याला मी काय उत्तर दिले होते, एवढे मात्र आजवर मी कोणालाही सांगितले नव्हते.