वर्धेचं पाणी, सिरोंचाचा काठ

सिरोंचाला जायचं तर आलापल्लीच्या सागवानातून दक्षिणेला उतरत राहायचं. जंगल विरळ होतं, मिरचीची रानं लागतात, बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू ऐकू येऊ लागते आणि गाव संपता संपता प्राणहिता समोर येते. पलीकडचा काठ तेलंगणाचा.

मुंबईहून पाहिलं तर हे महाराष्ट्राचं शेवटचं गाव. पण मी वर्धा नदीच्या काठची. आमच्या गावावरून गेलेलं पाणी, यवतमाळच्या कापसाच्या रानांना वळसा घालून आलेली पैनगंगा, भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांमधून निथळलेली वैनगंगा, सगळं प्राणहिता होऊन याच काठाला लागतं. थोडं खाली गोदावरी भेटते. नांदेडच्या पुढे महाराष्ट्र सोडून गेलेली ती इथे पुन्हा एकदा त्याला शिवून जाते. ते विस्तीर्ण पात्र पाहताना मला गलबलून आलं.

संगमावर पलीकडे कालेश्वर. देवळात एकाच पीठावर दोन लिंगं, एक शिवाचं आणि एक यमाचं. दर 12 वर्षांनी प्राणहितेचा पुष्कर भरतो. 2022 च्या एप्रिलमध्ये भरला, तेव्हा दोन्ही काठांवर स्नानं झाली. पूल नव्हता तोवर ये-जा नावेतूनच व्हायची. एका म्हाताऱ्या नावाड्याला विचारलं, "काका, हद्द नेमकी कुठून जाते?" ते म्हणाले, "उन्हाळ्यात वाळू जिथं उघडी पडंल तिथं आम्ही टरबूज लावत होतो."

1860 मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा अपर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं झालं. वऱ्हाडचा कापूस याच पाण्यावरून समुद्रापर्यंत न्यावा, असा इंग्रज अभियंते आर्थर कॉटन यांचा ध्यास होता. पात्रातल्या खडकांच्या रांगा फोडायला, त्यांना वळसा घालणारे कालवे खणायला माणसं वर्षानुवर्षं राबली. 1871 मध्ये काम सोडून दिलं गेलं आणि पुढे तीनच वर्षांत जिल्हाही मोडला. त्या राबणाऱ्या माणसांची नावं कुठे लिहिलेली असतील, या विचाराने मी बराच वेळ अस्वस्थ होते.

खाली मेडिगड्ड्याचं धरण 2019 मध्ये सुरू झालं. पाणी तेलंगणाच्या शेतीसाठी अडवलं, आणि फुगवटा सिरोंचाच्या शेतांत शिरला. बुडालेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी इथल्या शेतकऱ्यांना आंदोलनं करावी लागली. 2023 च्या ऑक्टोबरात धरणाचे खांब खचले. एवढं सोसूनही या गावांचं दुःख वर आमच्यापर्यंत पोचत नाही, याचा मला राग येतो.

सिरोंचाच्या काठच्या एका शेतकऱ्याने मोहाच्या झाडाकडे बोट करून 2022 च्या जुलैत पूर कुठवर चढला होता ते दाखवलं. मग म्हणाले, "तुमच्याकडं तवा किती पाऊस झाला होता, ताई?" मी हिंगणघाटकडचा पूर सांगू लागले, आणि आम्ही तिथेच धुऱ्यावर बसलो.