माशांचा रुसवा

गंगेच्या काठी राहून विहीर खणणारा माणूस सुभाषितात भेटला होता. तो मीच निघेन अशी मात्र कल्पना नव्हती. आमचे बिऱ्हाड सिद्धेश्वरला. वर येलदरीला वीज करून सुटलेले पूर्णेचे पाणी खाली अडवणारे, १९६८ साली पुरे झालेले धरण अगदी शेजारी. आणि मी पाहा, नांदेडहून सहा गोल्डफिश विकत घेऊन आलो! "मासे नुसते पाहायला पैसे?" एवढेच बोलून सौभाग्यवती स्वयंपाकघरात गेली.

चिरंजीवांनी काचेच्या पेटीत मातीचा किल्ला मांडला. मी मोठ्या ऐटीत पंपाचे आणि फिल्टरचे बटण दाबले. घुर्रर्र! सहाच्या सहा मासे किल्ल्याआड गडप. पाहुणे येत, पेटीसमोर वाकत, किल्ल्याची तारीफ करून जात. गंमत अशी की रात्री वीज गेली आणि मी बॅटरी घेऊन उठलो, तर सहाही जण संस्थानिकांच्या थाटात फेरफटका मारीत होते. वीज कधी जाते याची आतुरतेने वाट पाहणारे जिल्ह्यातले आमचे एकच घर असावे.

प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याला कोडे घातले. तो म्हणाला, "पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. त्यात गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्याच भाऊबंदातला. याच्या पोटातली हवेची पिशवी आणि आतला कान एका हाडुकांच्या साखळीने जोडलेले असतात. १८२० साली वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ती दाखवून दिली. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा धक्का ओळखणारी रेघ असते, ती वेगळीच. तुमचा पंप तुम्हाला गुणगुणतो; त्यांच्या मात्र पोटात वाजतो."

अर्धे ज्ञान मास्तराला पुरते. त्या रात्री मी दयाळूपणे दोन्ही बटणे बंद करून झोपलो.

सकाळी एक मासा उलटा तरंगत होता. उरलेले पाच पृष्ठभागाशी तोंडे आणून धापा टाकीत होते. लहान पेटी, सहा जीव. पाणी घुसळले नाही तर वरून प्राणवायू पुरेसा मिसळत नाही. फिल्टरमध्ये वाढणारे जंतू माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवतात, त्यांनाही वाहते पाणी लागते. हे सारे मला नंतर कळले.

"बाबा, काल मी जास्त खायला घातलं, म्हणून मेला ना?" चिरंजीवांनी विचारले.

वर्गात मी नायकाच्या स्खलनशीलतेवर तास-तास बोलतो. घरी म्हणालो, "असेल."

दोन दिवस तो खाण्याचे दाणे मोजून टाकीत होता. एकेक. मी वर्तमानपत्र वाचीत होतो.

रविवारी त्याला घेऊन धरणाकडे गेलो. एक म्हातारे भोई काठावर जाळे सांधीत बसले होते. पंपाची हकिगत ऐकून ते हसले. "सर, आम्ही जाळं लावतो अन् बांबूनं पाणी बडवतो. भेदरून मासा पळतो, जाळ्यात येतो. तुमची पेटी म्हंजी रातंदिस बडवलेलं पाणी. इथं त्याला सरकायला धरण हाय. तिथं कुठं जाईल त्यो?"

परतताना बांधावर मी मुलाला सांगून टाकले, की पंप मी बंद केला होता. दाण्यांचा काही संबंध नव्हता. तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मग दोन दिवस का नाही सांगितलं?" या प्रश्नाला एम. ए.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते.

घरी येऊन पंपाखाली जाड स्पंजची घडी ठेवली. नळीला चावी बसवून हवा कमी केली. फिल्टरची धार काचेकडे वळवली म्हणजे तिचा जोर तिथेच मोडतो. एका कोपऱ्यात पाणवनस्पती दाट लावली. चौथ्या दिवशी आतून कुजबुज ऐकू आली. त्याने आईला हाक मारली होती, मला नाही. मी वर्तमानपत्र तसेच धरून बसलो.

थोड्या वेळाने दाराआडून डोके बाहेर आले. "बाबा, पंप चालू असून दोन बाहेर आलेत. या. पण चपला काढून या."